मिठी पाचपैकी चार

आमच्या गावात मिठी मारायला पाहुणे यावे लागतात. मदतीच्या पैशाचं काय झालं हे तपासायला परदेशातून कुणी आलं, की तोमासा मावशी आणि मेल्चोर सलोखा-भवनात एकमेकांना मिठी मारतात. पाहुणे फोटो काढतात आणि ग्वातेमालात शांतता कितपत आली ते ठरवतात.

लढाईच्या दिवसांत मेल्चोर लष्करासाठी गस्त घालायचा. त्याच्याच गस्तीने मावशीच्या नवऱ्याला घरातून ओढून नेलं. त्याचं प्रेतही मिळालं नाही. नोव्हेंबरात सगळं गाव झेंडू आणि जेवण घेऊन आपापल्या माणसांच्या थडग्यांवर जातं. मावशी झेंडू घेऊन घरात बसून राहते. त्याला कुठे पुरलं, ती जागा तिला फक्त हवी आहे.

भवनाचीही गंमत आहे. आम्ही शेळी घसरेल अशा उतारावरसुद्धा मका लावतो, पण तो एक सपाट तुकडा कुणी कधी पेरला नव्हता. माती वाईट आहे, असं मेल्चोर सांगायचा, आणि मेल्चोरला उलट विचारायची कुणाची छाती नव्हती. भवन बांधायला आलेल्या इंजिनिअरला तर मोकळी जागा बघून आनंदाचं भरतं आलं. त्याने फरशी टाकून वर छप्पर चढवलं.

यंदा आस्त्रिद बाई आल्या. मी त्यांचा दुभाषा.

"मागच्या वेळी मिठी लवकर सुटली," बाई म्हणाल्या. "पाचपैकी तीनच गुण पडले. जरा मनापासून हवी."

मी मावशीला सांगितलं.

"तिला विचार, सासूला धरतात तशी धरू की नवऱ्याला?"

"आटपा लवकर," मेल्चोर कुरकुरला. "माझा गुडघा दुखतोय."

"गस्तीला नव्हता रे दुखत, मेल्या!" मावशी म्हणाली.

लोक खो-खो हसले. काय झालं, असं बाईंनी विचारलं. एकमेकांची तब्येत विचारतायत, असं मी सांगून टाकलं. बाई खूश!

मिठी लवकर का सुटते, ते मला माहीत होतं. दरवेळी मावशी मेल्चोरच्या कानाशी तोंड नेऊन एकच विचारते, "कुठे?" आणि तो झटक्यात बाजूला होतो.

या वेळी कॅमेरा अडला. "थांबा, सोडू नका!" बाई ओरडल्या. मावशीचे हात मका दळून तयार झालेले. मेल्चोरने अंग चोरून पाहिलं, पण सुटका नाही. आणि मावशी विचारतच राहिली.

"कुठे? कुठे रे?"

"इथेच," शेवटी मेल्चोर पुटपुटला. "या फरशीखाली, तोमासाबाई."

मावशीने त्याला सोडलं. याच फरशीवर बसून तिने क्षमेवरची किती भाषणं ऐकली होती, वर बिस्किटंही खाल्ली होती. मला भडभडून आलं.

बाईंचेही डोळे भरले होते. "विचारा त्यांना, आता आणखी काय हवं?"

"पहार," मावशी म्हणाली.

"वा, शेतीची अवजारं!" बाईंनी चार गुण देऊन टाकले.

मावशीने स्वागताच्या टेबलावरची फुलं उचलून फरशीवर ठेवली आणि तिथेच बसली. मेल्चोर गुडघा धरत वळला आणि पहार आणायला स्वतःच्या घरी गेला.