सईचं यमक

घुगऱ्यांसाठी भिजवलेले हरभरे रत्नानं चाळणीत उपसले आणि पाणी निथळेपर्यंत ती चाळणी हातात धरून उभी राहिली. खोलीत नव्हे, उंबऱ्याच्या अलीकडे. आत निशिगंधा, तिच्या धाकट्या भावाची, राजवर्धनची बायको, पाळण्याला झेंडूच्या माळा बांधत होती.

"वन्सं, पाळणा तुमीच रचायचा बरं का. अख्ख्या मंगळवार पेठेतले नवरे तुमी उखाण्यात बसवलासा."

"बसवलं की. आमच्या राजवर्धनला बसवताना तेवढा घाम फुटलता."

निशिगंधा हसली. "कानात नाव मातर समोरच्या चिमणाबाई सांगतील. राग न्हाय न्हवं? शुभकार्य हाय, म्हणून आपलं."

बाळाच्या कानात नाव सांगायचा मान आत्याचा. रत्ना एकुलती एक आत्या. पण तिची स्वतःची लेक पाळण्यात निजली ती उठलीच नव्हती. तेव्हापासून बारशांना रत्नाचे शब्द चालत, पाळण्याला तिचा हात चालत नसे.

"राग कसला," ती म्हणाली. "नाव काय ठरलं?"

"सई."

चाळणीतनं पाणी टपकत राहिलं.

"तुमच्या सईचंच की," माळेला गाठ मारत निशिगंधा म्हणाली. "बारकं, ग्वाड नाव. वाया कशाला घालवायचं?"

बोलण्यात विखार नव्हता. जुनी झबली मागून न्यावीत, तसं तिनं नाव उचललं होतं. झबली तर आधीच नेली होती.

"सईला यमक न्हाय," रत्ना म्हणाली.

"ह्यांच्या नावाला सापडलं, आन सईला न्हाय? एवढ्या कवयित्री तुमी!" निशिगंधानं मोबाईल उचलून त्यालाच यमक विचारलं. "ह्यो बघा, सांगतोय. सुई."

"टोचंल लेकराला."

"रुई."

"मारुतीच्या गळ्यातली? चीक असतो तिला."

"मग जुई! जुई, सई. किती ग्वाड, वन्सं!"

रत्नानं चाळणी खाली ठेवली. एक हरभरा घरंगळत उंबऱ्याला जाऊन लागला. तो उचलायला ती वाकली, आणि वाकूनच बोलली.

"जुई घालू नगंस. सांजच्याला उमलती, सकाळी गळती. माझ्या सईच्या पाळण्यात जुईच घातलती मी."

निशिगंधाच्या हातातली माळ सुटली. शेजारी निजलेल्या आपल्या लेकीवर तिनं तळहात आडवा धरला, रत्नाकडून वारं येत असल्यासारखा.

"तरीच," ती पुटपुटली. मग मोठ्यानं म्हणाली, "नगं बाई ते नाव. आमच्या लेकराला तसलं नगं. आदिती ठेवू. त्याला तरी हाय का यमक, का त्येबी तसलंच?"

"हाय की. पायलीभर."

दुपारी बायकांनी टाळ्यांवर पाळणा म्हटला. 'चांदणं सांडलं किती, पाळण्यात हसते आदिती.' चिमणाबाईंना ते इतकं आवडलं, की त्यांनी पुन्हा म्हणायला लावलं. रत्ना तेव्हा स्वयंपाकघरात कढईपाशी होती. घुगऱ्या वाटायला तेवढं दुसऱ्या कुणाला तरी धाडा, असा निरोप मघाशीच आला होता.

तिनं तेलात मोहरी टाकली. मोहरी तडतडत होती तोवर, त्या आवाजाच्या आडोशाला, तिनं ओठांतल्या ओठांत म्हणून घेतलं, 'अंगणात उमलली जुई, पाळण्यात निजली सई.' मग हरभरे कढईत ओतले आणि झाकण ठेवलं.