छातीठोक अंदाज

कचेरीत त्याला सगळे ‘ज्योतिषी’ म्हणत. दुकानांना व्हिडिओ गेम पुरवणाऱ्या कंपनीत कुठला गेम किती खपेल ते आधी सांगणं, हेच त्याचं काम. कचेरीत त्याच्या शब्दाला चार फाटे फुटत. डोळे मिटून विश्वास ठेवणारं माणूस एकच, त्याची वहिनी. तिचं गेमचं दुकान होतं, हातभर जागेचं.

यंदा दोन गोळीबाराचे गेम एकाच दिवशी यायचे होते, ‘काळी टेकडी’ आणि ‘शेवटची चौकी’. असल्या गेमचा सारा जोर पहिल्या आठवड्यात. पुढे त्याला कालच्या वर्तमानपत्राची किंमत. वहिनीच्या फळीवर दोन्ही भरपूर मावणार नव्हते, आणि मागवलेला माल परत जात नसे.

“भाऊजी, एकाचं नाव सांगा. तुमचं ते कदाचित-बिदाचित कचेरीत ठेवा.”

“चौकी. बिनधास्त भरा.”

“खेळून बघितलेत ना?”

“म्हणजे काय! दोन्ही.”

एवढं तो सहज बोलून गेला. खरं तर कंट्रोलर हातात धरला की पडदा गरगरायचा आणि त्याला मळमळायचं. कचेरीतल्या पोरांपुढे हसं व्हायला नको म्हणून चाचणीच्या खोलीत तो पाऊलच टाकत नसे, काचेबाहेरून बघे. टेकडीच्या पडद्यापुढे माणसं येत होती, जात होती. चौकीपुढे मात्र घोळका हलत नव्हता. त्यानं घोळका पाहिला आणि अंदाज बांधला.

गेम आले त्या दिवशी तो वहिनीच्या मदतीला गेला. टेकडीच्या होत्या तेवढ्या डिस्क दुपारच्या आत संपल्या. चौकीची खोकी मात्र भिंतीसारखी उभी.

“चौकी घेऊन बघा की,” त्यानं एका दाढीवाल्या गिऱ्हाइकाला म्हटलं.

“तुम्ही खेळलात का? अहो, त्यात एकदा मेलं की डाव संपेपर्यंत दुसऱ्यांची तोंडं बघत बसायचं. खेळतो थोडा, बसतो फार!”

म्हणजे चूक तिथंच झाली होती. काचेपलीकडचा तो घोळका रमलेला नव्हता. मेलेला होता. एकदा तो स्वतः आत जाऊन बसला असता, तर पहिल्याच डावात कळलं असतं.

तो खोकी लावायच्या निमित्तानं मागच्या खोलीत गेला. बाहेर दाढीवाला विचारत होता, “ताई, एवढी चौकी भरायची अक्कल कुणी दिली हो तुम्हाला?”

“कोण देणार? माझंच डोकं, दुसऱ्याचं कुठून आणू?” वहिनी हसली.

त्याचे कान तापले. तिनं चार शब्द सुनावले असते तर बरं, असं त्याला झालं. गप्प राहिलं तर झाकली मूठ झाकलीच राहणार होती. पण त्या मुठीवर हात तिचा होता.

तो बाहेर आला. “यांनी नाही, मी सांगितलं होतं. आणि वहिनी... मी खेळलो नव्हतो. दोन्हीतला एकही.”

दाढीवाला नजर चुकवून फळी न्याहाळू लागला.

“मी विचारलं होतं,” वहिनी म्हणाली.

“खोटं बोललो.”

 ती हळूच म्हणाली, “नुसता अंदाज चुकला असता, तर तो मी आनंदानं माझ्या अंगावर घेतला असता, भाऊजी.”

तिनं गिऱ्हाइकांना गेम दाखवायच्या टीव्हीपुढे खुर्ची सरकवली, चौकीची डिस्क आत घातली आणि कंट्रोलर त्याच्या हातात दिला.

“बसा. खेळा. आणि कुणी विचारलं तर जे दिसेल तेच सांगा. खोकी उशिरा खपली तरी चालतील.”

पहिल्याच वळणावर तो मेला. पडदा गरगरत राहिला, घशाशी आलं, पण तो उठला नाही. तेवढ्यात एक बाई आत आल्या.

“कसा आहे हो हा गेम?”

“थांबावं फार लागतं,” तो खालमानेनं म्हणाला. “आणि मला यातलं अजून काही कळत नाही.”