राग आणि वारं

चंद्राबाईच्या अंगात गावदेवीचं वारं यायचं. ती गेली आणि पुढच्या दोन जत्रांत देवी कुणाच्याच अंगात आली नाही. यंदा पालखी दाराशी टेकली, ढोल घुमला आणि तिची धाकटी सून संजना थरथरू लागली. केस सुटले. समोर थोरला दीर गजा उभा होता. त्याच्यावर ती कडाडली, "पोरीचं शिक्षण बंद करशील तर खबरदार!"

गजाची मुलगी रुचिता कर्जतला नर्सिंग शिकत होती. गजाने मोहोपाड्याचं स्थळ पक्कं केलं होतं. रविवारी सुपारी फुटायची होती. संजनाने परोपरीने सांगून पाहिलं, पण त्याने दाद दिली नव्हती. आता तो अख्ख्या गावादेखत तिच्या पाया पडला. "चुकलो, आई. लग्न मोडतो."

पहिल्यांदा वारं आलेल्या बाईने दुसऱ्या सकाळी ओलेत्याने देवळात बसायचं, गुरवाने तिला विचारायचं आणि तिला काही आठवत नसेल तरच देवीची वेताची काठी तिच्या हाती द्यायची, अशी गावची रीत.

देवळाच्या पायरीवर गजाची बायको नम्रता कुजबुजली, "कायबी आठवत नाय म्हण गं. येवढंच. माझ्या पोरीसाठी."

विठू गुरवाने विचारलं, "काल काय झालं, आठवतं का?"

संजनाला सासू आठवली. वारं गेलं की चंद्राबाई चहा मागायची. ज्याला झापलं, त्यानेच कप आणून दिला तरी तिला काही वाटायचं नाही. लोक पाया का पडतायत, हेही तिला कळायचं नाही. संजनाला मात्र काल ओरडताना गजाच्या शर्टाचं तुटकं बटणसुद्धा दिसत होतं. आणि राग अजून तसाच होता.

"सगळं आठवतं," ती म्हणाली. "देवी नव्हती. मला राग आला व्हता."

नम्रताने कपाळावर हात मारला.

"म्हंजे नाटक केलंस?" खांबाशी उभा असलेला गजा म्हणाला.

"नाय, भावजी. अंग खरंच कापत व्हतं. पण रागानं."

गुरवाने काठी कोनाड्यात परत ठेवली.

"देवीचं ऐकणार व्हतो मी," गजाने खिशातून फोन काढला. "तुझं कशाला ऐकू?" नवऱ्यामुलाच्या बापाचा नंबर शोधत तो बाहेर पडला.

संजनाने ओला पदर पिळला. "जाऊबाई, तुमालाबी राग आलाय ना?"

"आलाय की! आधी तुझाच आलाय."

"मग माझ्याशी घरी भांडा. आता तिकडं चला."

नम्रताने बसल्या जागी पदर खोचला. मग उठली आणि संजनाच्या पुढे होऊन अंगणात गेली. "अवो," तिने हाक मारली, "तो फोन ठेवा आधी."