अंगठ्याचा आवाज

पालीजवळच्या एका नर्सरीत गोदा बावीस वर्षं आंब्याची कलमं बांधत होती. कोयीतून उगवलेलं कोवळं रोप छाटायचं, चिरेत हापूसची काडी बसवायची, वरून प्लॅस्टिकची पट्टी गुंडाळायची. शंभरातली नव्वद तरी तिच्या हातची जगायची. गेल्या पावसाळ्यात चाळीस जगली. उजवा अंगठा आणि त्याच्या शेजारची दोन बोटं बधिर झाली होती; सुरी हातात आहे की नाही, हे बघूनच कळायचं. मालक विनीतशेठ वाईट बोलले नाहीत. यंदाही असंच झालं, तर गोदाने पिशव्यांत माती भरायला बसावं, एवढंच म्हणाले. त्या दिवशी ती जेवली नाही.

बोटं बधिर होण्याचं कारण तिला ठाऊक होतं. दोन वर्षांपूर्वी विहिरीवरच्या पंपाच्या बटणाचा तिला झटका बसला होता. तोच करंट हातात मुक्काम करून राहिलाय, याची तिला खात्री होती.

मे महिन्यात पालीच्या डॉक्टरांनी तिला रत्नागिरीला नसांची तपासणी करायला पाठवलं. सोबत नर्सरीतच पिशव्या भरणारी धाकटी जाऊ सखू आली. तपासणी करणाऱ्या नम्रताने गोदाची बांगडी वर सारली आणि ती थांबली. मनगटाला कलमाची पट्टी करकचून बांधलेली होती.

“हे कशाला?”

गोदाने बांगडी परत खाली ओढली. सखूला मात्र राहवेना. “करंट वर चढून काळजात जाऊ नये म्हणून हो, मॅडम! आंघोळीलापण सोडीत नाय.”

“तू गप गो!”

नम्रता हसली नाही. तिने कात्रीने पट्टी कापली. खाली लाल वळ होता. “बोटं हिच्यामुळे बधिर झाली असं मी म्हणणार नाही. पण परत बांधू नका.”

“मग तो करंट तुम्ही काढून घ्या.”

“आधी बघू तरी, आहे का.”

अंगठ्याच्या बुडाशी तारा चिकटवल्या गेल्या. नम्रताने मनगटाला दोन टोकांचं यंत्र टेकवलं. टक् झालं आणि अंगठा उडाला.

“मी नाय हलवला!” गोदा ओरडली.

“हा मी हलवला, बाहेरून झटका देऊन. आता मी काहीच देत नाही. हे बघा, दूर ठेवलं. तुम्ही अंगठा करंगळीकडे दाबा.”

गोदाने दाबला. टेबलावरच्या मशीनच्या स्पीकरमधून तडतड ऐकू आली, तापल्या तेलात चार मोहऱ्या पडाव्यात तशी. तिने अंगठा सैल सोडला. शांत. परत दाबला. परत तडतड.

“हा पंपाचा?”

“पंपाचा तेव्हाच येऊन गेला. हा तुमचा स्वतःचा. मेंदू ‘हल’ म्हणतो ते नसेतून विजेच्या रूपातच खाली येतं. सगळ्यांच्यात असतं.”

“हिच्यातपण?”

सखूने दोन्ही हात पाठीमागे नेले. “मला नको! माझा हात बरा हाय.”

“बस गो. वाघ नाय तो.”

सखू डोळे मिटून बसली; तारा तिच्या अंगठ्याला लागल्या. तिने अंगठा दाबला आणि खोलीभर फोडणी उडाली. गोदा मान तिरकी करून ऐकत राहिली. मग म्हणाली, “हिचा दाट पडतो. माझा विरळ.”

नम्रताने पहिल्यांदाच तिच्याकडे नीट पाहिलं. “बरोबर ओळखलंत.” मग पडद्यावरचे आकडे दाखवले. कोपरापासून मनगटापर्यंत गोदाचा निरोप सेकंदाला पन्नास मीटर पळत होता. मनगट ओलांडून बोटात जाताना तोच निम्म्यावर येत होता. “इथे नस दाबली जातेय.”

“पट्टी सोडायची राहिली की कलम काचतं, तसं?”

“म्हणजे?”

“जीव धरल्यावर पट्टी कापायची असते. नायतर खोड जाड होतं, पट्टी तेवढीच राहते. वरचा शेंडा पिवळा पडतो.”

“हो,” नम्रता म्हणाली. “तसंच.”

“झाडात असतो काय हा करंट?”

“असतो. फार हळू चालतो. आंब्यातला कोणी मोजलाय का, मला माहीत नाही.”

शेजारच्या खोलीत तिथल्या डॉक्टरांनी रिपोर्ट पाहिला. मनगटात नसेवरून जाणारा पट्टा कापून ती मोकळी करावी लागेल, नाहीतर अंगठ्याचं मांस आणखी सुकेल. त्यानंतर आठ आठवडे सुरी नाही. गोदाने बोटांवर आठवडे मोजले. जुलैत सुरू होणाऱ्या कलमांचा पहिला पंधरवडा हातचा जात होता. ती पुन्हा एकदा मोजून उठली आणि बाहेरच्या बाकावर बसून तिने फोन लावला.

“शेठ, ऑपरेशन करून घेतंय. पहिले पंधरा दिवस सुरी सखू धरील. मी शेजारी बसून सांगेन. मग माझी मी बसेन.”

“मी?” सखू बाकावरून उठलीच. “अवो वैनी, मी पिशव्या भरणारी बाई! शंभरातली दहा तरी जगतील काय?”

पलीकडून विनीतशेठही बहुधा तेच विचारत होते.

“जगतील,” गोदा फोनमध्ये म्हणाली आणि सखूचा उजवा हात ओढून मांडीवर घेतला. “आधी ही नखं काप.”