एग्बेसीची पूड

झाडांच्या औषधी मुळ्यांच्या जुड्या बाजूला सारून मोरेनिकेने दोन छायाचित्रे चटईवर शेजारी शेजारी मांडली. दोन्हींत एकेक काचेची बशी, बशीत जंतूंचा पिवळट थर. पहिल्या थरात बाटलीच्या बुचाएवढे स्वच्छ वर्तुळ पडले होते. दुसऱ्यात जेमतेम एक कडी.

“दोन्ही वेळा पूड तुमच्याकडचीच, इया. तेच प्रतिजैविक, तेच जंतू. मग दुसऱ्या खेपेला काय झालं?”

इया आसाबी ओग्बोमोशोच्या बाजारात तीस वर्षे झाडपाला विकत होती. तिने छायाचित्र डोळ्यांपासून हातभर लांब धरले.

“बदललं ते तुझं बोलणं, पोरी.”

जंतू ज्याला पुरते सरावून गेले आहेत ते प्रतिजैविक एग्बेसीच्या मुळीसोबत पुन्हा काम करू लागते, असे मोरेनिकेच्या लेखात होते. तीन वर्षांचे काम. सोमवारी छपाईला जाणार होते.

“पहिल्यांदा आलीस तेव्हा म्हणालीस, इस्पितळात अकरा पोरं आहेत, जखमा चिघळल्यात, कुठलंच औषध लागू पडत नाही. दुसऱ्यांदा म्हणालीस, काचेच्या बश्यांसाठी हवी. बशीला कसला आलाय ताप? बशीला साधी दिली.”

“आणि पोरांना?”

म्हातारीने आवाज खाली आणला. “औषधाच्या दुकानातल्या लाल-पिवळ्या कॅप्सूल फोडून मिसळल्या. पाच. पोरांच्या जिवाचा प्रश्न. नुसत्या मुळीवर कशी सोडू?”

“तरीच तुझी औषधं एवढी गुणाची!” शेजारची मिरचीवाली खिदळली.

“तुझ्या तिखटात विटेची भुकटी किती, ते सांगू का हिला?”

मोरेनिके हसली नाही. पहिल्या पुडीने वरून प्रतिजैविक न घालताही जंतू मारले होते. तिथेच तिने थबकायला हवे होते. ती आनंदली होती. अख्खी मुळी नेऊन स्वतः कुटायची सोडून तयार पूड घेतली, तीही तिनेच.

“लेख मागे घ्यावा लागेल,” ती म्हणाली.

“म्हणजे मुळी खोटी?”

तिने दुसऱ्या छायाचित्रातल्या कडीवर नख टेकवले. “नाही. औषधाच्या जोडीला दोन मिलिमीटर. तेवढंच तिचं. तेही पुन्हा पहिल्यापासून मोजायला हवं.”

इया आसाबीला मिलिमीटरशी कर्तव्य नव्हते. तिने मातीसकट एक अख्खी मुळी उचलून पुढे केली. हात अर्ध्यावरच थांबला.

“म्हणजे ती पहिली पूडसुद्धा बशीतच गेली? पोरांना दिलीच नाहीस?”

“माझ्याकडे त्यांच्या जखमांतले फक्त जंतू आले होते, इया.”

“बरं. पण आता कशी आहेत ती?”

अकराही नमुन्यांचे क्रमांक मोरेनिकेला पाठ होते. पोरांचे पुढे काय झाले, ते तिने कधी विचारले नव्हते.