भाऊजींचं बेवारस प्लगिन

ब्लॉगच्या सॉफ्टवेअरचं नवं व्हर्जन येणार, ही बातमी भाऊजींनी घरी आणली आणि त्यानंतर त्यांनी घरी दुसरं काहीही आणलं नाही. भाजीसुद्धा मीच आणायचो.

भाऊजी म्हणजे माझ्या ताईचा नवरा. नोकरी लागेपर्यंत मी त्यांच्या बाहेरच्या खोलीत राहतो, त्यामुळे त्यांच्याबद्दल चांगलं बोलणं माझं कर्तव्य आहे. ते मी सुरुवातीलाच उरकतो: भाऊजींचे शर्ट नेहमी इस्त्रीचे असतात. इस्त्री ताई करते.

भाऊजी तज्ज्ञ आहेत, आणि तेही अजून न आलेल्या गोष्टींचे. एकदा गोष्ट आली की त्यांचा तिच्यातला रस संपतो. नव्या व्हर्जनवर कोणाची प्लगिनं चालतील आणि कोणाची मान टाकतील, यावर ते वर्षभर लिहीत होते. प्लगिन म्हणजे ब्लॉगला जोडायचा सुटा भाग. कोणी फोटो फिरवायला जोडतं, कोणी वाचक मोजायला. नवं व्हर्जन आलं की जुने काही भाग बसत नाहीत. एवढी साधी गोष्ट सांगायला भाऊजींना दर आठवड्याला एक लेख लागायचा, आणि त्या लेखाला तळटीपा.

शनिवारी दुपारी रंगाच्या दुकानावरच्या हॉलमध्ये त्यांच्यासारख्याच तज्ज्ञांच्या मंडळाची बैठक भरायची. बिस्किटं असतात असं कळल्यामुळे मी एकदा गेलो. सगळ्यांच्या मांडीवर लॅपटॉप आणि चेहऱ्यावर ऑपरेशन थिएटरबाहेर बसलेल्या नातेवाइकांचा भाव. एकाने शेजाऱ्याला विचारलं, "तुमचा ब्लॉग टिकेल ना नव्या व्हर्जनवर?"

"मला ब्लॉग नाहीये," शेजारी म्हणाला. "मी नुसता तयारीत आहे."

सगळ्यांनी त्याच्याकडे आदराने पाहिलं. बिस्किटं नव्हती.

ब्लॉग खरोखर चालवायची ती माझी ताई. ती शिवण शिकवते. तिच्या ब्लॉगवर छाती, खांदा, बाहीची लांबी अशी मापं भरली की पानावर शर्टाचं कटिंग आखून येतं. छापा, कापा, शिवा. ही आखणी करणारं प्लगिन भाऊजींनीच लिहिलेलं, लग्न ठरलं तेव्हा. तेव्हा भाऊजी प्रेमात होते आणि कामही करत होते. दोन्ही एकाच सुमारास थांबलं. ते प्लगिन त्यांनी सगळ्यांसाठी फुकट असलेल्या सार्वजनिक भांडारात ठेवलं आणि नंतर त्याला बोटही लावलं नाही.

तर झालं असं, की गणवेश शिवणाऱ्या एका कारखान्याच्या मॅनेजर बाईंनी ताईचं पान पाहिलं. नव्या मुलींना कटिंग शिकवायला कायमची जागा रिकामी होती. "पुढच्या महिन्यात येऊन पान चालवून दाखवा, पटलं तर जागा तुमची," त्या फोनवर म्हणाल्या. ताईने आजवर शिकवण्या घरच्या जेवणाच्या टेबलावर घेतल्या होत्या. फोन ठेवल्यावर ती बराच वेळ त्या टेबलाकडे बघत राहिली.

दुसऱ्याच दिवशी तिच्या होस्टिंगवाल्यांची, म्हणजे ब्लॉगला भाड्याने जागा देणाऱ्यांची, मेल आली. नवं व्हर्जन आलं की ते सगळ्या ब्लॉगांना परस्पर त्यावर चढवणार होते, कारखान्याच्या भेटीच्या दोनच दिवस आधी. मी ताईच्या ब्लॉगची एक प्रत, आधीच करून बघायला दिलेल्या चाचणी व्हर्जनवर चढवून पाहिली. मापं भरली, बटण दाबलं. पांढरं पान आलं. शर्ट नाही, कॉलर नाही, बाहीसुद्धा नाही.

ताई भाऊजींपुढे जाऊन उभी राहिली. "अहो, तुमचं प्लगिन नव्या व्हर्जनवर मान टाकतंय."

"टाकणारच," भाऊजी म्हणाले. त्यांचा आवाज अभिमानाने भरून आला. "वर्षभर मी दुसरं काय सांगतोय?"

"मग दुरुस्त करा ना."

"अगं, व्हर्जन आलंय कुठे अजून? न आलेल्या गोष्टीसाठी दुरुस्ती म्हणजे निव्वळ उतावळेपणा."

"बरं, आल्यावर कराल?"

"आल्या आल्या कोणी हात लावतं का? पहिली डागडुजी येऊ दे. जाणकार थांबतात."

"आणि मी कारखान्यात काय दाखवू? थांबलेले जाणकार?"

"सांग, तांत्रिक अडचण आहे. बायकांना पटतं."

ताईच्या हातात कापड कापायची मोठी कात्री होती. तिने ती शांतपणे टेबलावर ठेवली. त्या घरात माझ्यादेखत घडलेलं हे सर्वात थोर कृत्य.

"ताई," मी स्वयंपाकघरात तिला म्हणालो, "ते घरच्यांना उत्तर देत नाहीत. परक्यांना देतात. भांडारात प्लगिनखाली तक्रारींचं पान असतं, तिथे बघ कसे लोण्यासारखे मऊ बोलतात. तू परकी हो."

"ठोंब्या, नवऱ्याला परकं होऊन गाठू मी?" ती म्हणाली. मग थोडा विचार करून म्हणाली, "खातं कसं उघडायचं?"

तिने 'सुईदोरा' नावाने खातं उघडलं आणि सोफ्यावर बसून तक्रार लिहिली. समोरच्या खुर्चीत भाऊजींचा लॅपटॉप टिंग वाजला. भाऊजींनी वाचलं, कॉलर नीट केली आणि सावरून बसून लिहू लागले. ताईच्या फोनवर उत्तर आलं: "आदरणीय सुईदोरा, आपण वेळात वेळ काढून लिहिलंत, मी ऋणी आहे. आपल्या मताची आम्हाला कदर आहे."

"आम्ही म्हणजे कोण?" ताई पुटपुटली.

भाऊजींनी लगेच तक्रारीवर 'प्रश्न सुटला' अशी खूण केली आणि ताईला म्हणाले, "अगं, चहा टाकतेस? कामाचा फार ताण आहे."

त्याच पानावर खाली आम्हाला एक जुना संदेश सापडला. कोण कुठला एक निवृत्त पोस्टमास्तर, बायकोसाठी शर्ट शिवायला हे प्लगिन वापरणारा. त्याने कधीचंच लिहून ठेवलं होतं की प्रोग्रॅममधली अमुक ओळ नव्या व्हर्जनमध्ये चालणार नाही, तिच्या जागी ही घाला. भाऊजींनी खाली लिहिलं होतं, "अप्रतिम! पुढच्या आवृत्तीत नक्की," आणि फुलांचा गुच्छ. मी चाचणीच्या प्रतीत ती ओळ घातली. शर्ट आला, बाह्यांसकट.

पण ताईचं होस्टिंग स्वस्तातलं. तिथे भांडारातलं प्लगिन जसंच्या तसं चालतं, घरी बदललेलं चढवू देत नाहीत. म्हणजे ओळ भांडारातच बदलायला हवी, आणि तो हक्क फक्त मालकाला.

तेव्हा आम्ही भांडाराचे नियम वाचले, जे भाऊजी सोडून कोणीही वाचू शकलं असतं. एखादं प्लगिन फार काळ बेवारस पडलं असेल तर ते सांभाळायला मागता येतं. भांडारवाले मूळ मालकाला मेल करतात, मुदत देतात. तो गप्प राहिला की प्लगिन मागणाऱ्याचं. सुईदोऱ्याने अर्ज केला.

दोन दिवसांनी भाऊजी जेवता जेवता ओरडले, "हा निर्लज्जपणा आहे! कोणीतरी सुईदोरा माझं प्लगिन मागतोय. बेवारस म्हणे!"

ताई त्यांना वाढत होती. "मग कळवा की, मी आहे म्हणून."

"नुसतं 'मी आहे' कसं लिहिणार?"

"भाऊजी, त्यांनी तेवढंच विचारलंय," मी म्हणालो. "दोन शब्द लागतात."

"मेव्हणे, दोन शब्दांत क्लार्क उत्तर देतो. मी सविस्तर निवेदन देणार आहे."

आणि निवेदन सुरू झालं. मुक्त सॉफ्टवेअरचा इतिहास, निर्मात्याची भूमिका, मालकी म्हणजे काय. रोज एक प्रकरण. मुदत संपत आली तसे ते अनुक्रमणिकेच्या मागे लागले. एका संध्याकाळी त्यांनी ताईला आवाज दिला, "अगं, जरा बघतेस? कुठे काही कमी वाटतंय का?"

ताईने पदर खोचला, चष्मा लावला, सगळं वाचलं. "प्रस्तावना थोडी लांबवा," ती म्हणाली. इतक्या मायेने ती त्यांच्याशी बोललेली मी त्याआधी ऐकली नव्हती.

भाऊजी प्रस्तावना लांबवत असतानाच मुदत संपली. प्लगिन ताईच्या नावावर झालं. पोस्टमास्तरांची ओळ भांडारात गेली आणि ताईने त्या पानावर त्यांचे आभार मानले, गुच्छाशिवाय.

नवं व्हर्जन रविवारी आलं. मंडळाने हॉलमध्ये मोठा पडदा लावला होता. गैरसावध माणसाचं प्लगिन कसं कोसळतं, हे भाऊजी दाखवणार होते आणि त्यासाठी त्यांनी स्वतःचंच, भांडारातून ताजं उतरवलेलं, निवडलं होतं. "शास्त्रज्ञ आधी स्वतःवर प्रयोग करतो," ते म्हणाले, मापं भरली आणि बटण दाबून पडद्याकडे पाठ करून उभे राहिले. "हे बघा, पूर्ण विनाश."

पडद्यावर हळूहळू एक शर्ट आखला गेला. कॉलर, खिसा, बाह्या. खाली बारीक अक्षरांत: देखभाल: सुईदोरा.

"चांगला बसेल की हा मला," पुढच्या रांगेतला एकजण म्हणाला.

त्या संध्याकाळी ताईने भाऊजींना सांगून टाकलं. ते आधी हसले, मग मंडळातल्या कोणाला कळलंय का ते विचारलं, मग रुसले आणि अखेर म्हणाले, "हरकत नाही. मूळ लेखक म्हणून कारखान्यात मीही येतो. तांत्रिक काही विचारलं तर?"

मंगळवारी आम्ही तिघं गेलो. शिलाई मशीनच्या लांब रांगा, वर ट्यूबलाइट, कोपऱ्यात कापडाचे तागे. मॅनेजर बाईंनी स्वतःची मापं भरली आणि बटण दाबलं. पान उघडलं आणि आखणी उमटली. बाईंनी ती छापली, दंडाला लावून पाहिली आणि मान डोलावली.

"काही बिघडलं तर कोणाला सांगायचं?"

भाऊजींनी घसा साफ केला. "त्यासाठी आधी आपल्याला हे समजून घ्यावं लागेल की—"

"मला सांगायचं," ताई म्हणाली.

"आणि हे?"

"हे माझे मिस्टर. पुढच्या व्हर्जनमध्ये काय काय बिघडेल ते यांना माहीत असतं."

"आणि आत्ताच्या?"

"आत्ताचं मी बघते."

बाईंनी कटिंगच्या टेबलाकडे बोट दाखवलं. लांबलचक, गुळगुळीत, मोकळं टेबल. "सोमवारपासून या."

"आम्ही दोघांनी?" भाऊजींनी विचारलं.

"नाही," बाई म्हणाल्या.