आधी समोरच्याची बाजू

काळू वकिलांना जाऊन वर्ष झालं, म्हणून नाशिकरोडच्या त्यांच्या वस्तीत विहारात अभिवादन सभा ठेवली होती. पहिल्या रांगेत त्यांच्या पत्नी लताबाई बसल्या होत्या, पण भाषणांकडे त्यांचं लक्षच नव्हतं. जीव अडकला होता दोन माणसांत. डाव्या भिंतीशी टेम्पोवाले निजामभाई, उजव्या भिंतीशी पोस्टात काम करणारा दीपक. घराला घर लागून, आणि वर्षभर बोलणं बंद.

वकील दर रविवारी घराच्या ओट्यावर बसत. पार हरसूलहून माणसं येत. त्यांची अट एकच: प्रत्येकाने आधी समोरच्याची बाजू सांगायची, समोरचा 'बरोबर' म्हणेपर्यंत. मग आपली. कितीतरी भांडणं तिथेच विरघळत. हे एक तेवढं राहून गेलं. आता दीपक म्हणत होता, सोमवारी दावा लावतो. तसं झालं तर वकिलांबरोबर ओटाही गेला, असंच लताबाईंच्या मनाने घेतलं होतं.

सूत्रसंचालन करणाऱ्या वैष्णवीने निजामभाईंचं नाव पुकारलं. लताबाईंनी पदर मुठीत घट्ट धरला.

"साहेबांबद्दल मी काय बोलणार?" निजामभाई म्हणाले. "त्यांच्यासमोर बोलायचं राहिलं, ते बोलतो. दीपकचं म्हणणं असं, की मी पहाटे पिंपळगावला द्राक्षं भरायला निघतो, तेव्हा टेम्पोच्या आवाजाने त्याची झोप मोडते."

"चूक!" उजव्या भिंतीकडून दीपक ओरडला.

लताबाईंनी डोळेच मिटून घेतले.

"माझ्या झोपेचं कोण बोलतंय? आई दचकून उठते. छातीचा त्रास आहे तिला."

"हां. भागीमावशी दचकते. आता बरोबर?"

"आणि दारासमोर गाडी गरम करत उभे राहता, ते?"

"गाडी गरम करत उभा राहतो. नाक्यावर नेऊनही करता येईल." निजामभाईंनी कपाळ पुसलं. "आता तरी बरोबर म्हण रे बाबा, पाय दुखायला लागले!"

कुणीतरी खुदकन हसलं.

"बरोबर," दीपक पुटपुटला.

"मोठ्याने!" मागून निजामभाईंची बायको मेहरुन्निसा गरजली. "आणि आता यांची बाजू तू सांग."

दीपक कसाबसा उठला. "मी दारात दगड टाकले. त्यामुळे वळताना यांचा टेम्पो घासतो."

"नवा रंग दिला होता!"

"नवा रंग दिलेला टेम्पो घासतो." तो निजामभाईंकडे वळला. "काढतो ते दगड आजच. तुम्ही हात लावायला या, एकट्याला नाही उचलणार."

"टाकताना बरे उचलले एकट्याने!"

आता अख्खा विहार हसत होता. लताबाईही हसल्या. मूठ केव्हा सुटली कळलंच नाही. पदर मात्र चांगलाच चुरगळला होता.

वैष्णवी जवळ आली तेव्हा त्या म्हणाल्या, "सांग सगळ्यांना, रविवारी ओट्यावर सतरंजी घालते."

"पण काकू, वकील कोण?"

"अट तर सगळ्यांना पाठ आहे ना? चुकलं तर मेहरुन्निसा ओरडेल." पदर सारखा करत त्यांनी हुश्श केलं. "आणि मला चहा सांग गं. सकाळपासून घोट उतरला नाही घशाखाली."